बाबूमामांचे बेचाळीस शेरे

येरमाळ्याच्या शाळेत बाबूमामांनी शिपाई म्हणून एकतीस वर्षं काढली. एवढ्या काळात त्यांच्या तोंडून ‘न्हाय’ हा शब्द ऐकल्याचं सांगणारा एकही साक्षीदार गावात सापडत नाही. हेडमास्तरांनी विचारावं, “बाबू, खडू आहेत का?” आणि खडू पार संपलेले असावेत, तरी मामा म्हणायचे, “व्हय, आणतो.” मग सायकल काढून हायवेवरचं दुकान. दुकान बंद असलं तर दुकानदाराचं घर. दुकानदार परगावी लग्नाला गेलेला असला तर मामा पुढच्या वस्तीवरच्या शाळेतून चार खडू उसने आणायचे. दुपारची सुट्टी होईस्तोवर खडू टेबलावर. हेडमास्तर तोवर ते विसरूनही गेलेले असत.

शाळेतल्या शिपायाला पोरं मामा म्हणतात, म्हणून ते मामा. गावातल्या दोन पिढ्यांचे मामा. निवृत्त झाल्यावरही हायवेवर चहाला बसले की ट्रकवाल्यापासून तलाठ्यापर्यंत कुणीतरी हाक मारतंच, “मामा, घंटा द्या की!” आणि मामा हसतात. हसणं म्हणजे त्यांच्या हिशेबी ‘व्हय’चंच एक रूप.

शाळेत त्यांच्याकडं घंटेपेक्षा मोठं असं एक काम होतं: शेरेबुक. ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगतो. शाळेला जो पाहुणा भेट देतो, मग तो साहेब असो, सरपंच असो की लसीकरणाची बाई, तो जाताना या वहीत आपलं मत लिहितो. त्याला शेरा म्हणतात. पाहुण्यापुढं ही वही कधी धरायची याचं शास्त्र मामांनी स्वतः बसवलं होतं. चहा अर्धा झाला की धरायची. चहा न मिळालेला माणूस रागात असतो आणि चहा संपलेला घाईत. अर्धा कप पोटात गेलेला माणूस मात्र दयाळू असतो. पेनाचं टोपणही मामाच काढून द्यायचे.

मग पाहुणा लिहायचा, ‘शाळेस भेट दिली. परिसर स्वच्छ आहे. शिक्षकवृंद कष्टाळू आहे. पाहून समाधान वाटले. शुभेच्छा.’ छत गळत असलं तरी समाधान वाटायचं. चौथीची पोरं दुसरीचं पुस्तक अडखळत वाचत असली तरी समाधानच. मामांना यात खोटं काही दिसत नव्हतं. घरी आलेला माणूस भाजीत मीठ कमी आहे म्हणून लिहून ठेवतो का?

एकदाच एका तरुण साहेबानं चहा बाजूला सारून लिहिलं होतं, ‘छत गळते. गुणवत्ता असमाधानकारक.’ सहा महिन्यांत दोन मास्तरांची बदली झाली. एकाच्या बायकोला दिवस गेलेले, तिला घेऊन तो परंड्याकडच्या एका आडवस्तीला गेला. छत पुढं सात वर्षं गळत राहिलं. मामांनी त्यातून धडा घेतला तो असा, की वाईट शेऱ्यानं गळकं छत बुजत नाही, फक्त कुणाच्या तरी पोटावर पाय येतो.

आणि चांगल्या शेऱ्याचं म्हणाल, तर मामा स्वतःच त्याचं फळ होते. रोजंदारीवर असताना एका विस्तार अधिकाऱ्यानं जाता जाता एक ओळ लिहिली होती, ‘शिपाई तत्पर आहे.’ पुढं मामा कायम झाले. ते नियमानं झाले असते की शेऱ्यानं, हे देव जाणे. मामांच्या लेखी मात्र त्या तीन शब्दांवर त्यांच्या घराला पहिला पगार लागला, त्या पगारावर पोरगी शिकली आणि नर्स झाली.

ती पोरगी चैताली. धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात तिची बारा-बारा तासांची ड्युटी. जाऊन-येऊन एसटी. हात इतका हलका की सुई टोचल्यावर पेशंट विचारतो, कधी टोचणार? म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला अशा नर्सा जर्मनीला पाहिजेत, अशी बातमी गावात आली तेव्हा बनाबाईनं, म्हणजे मामांच्या बायकोनं, पहिला प्रश्न केला, “तिथं म्हातारी माणसं हायेत, मग त्यांची पोरं कुठं गेली?” पुण्याच्या एका संस्थेनं चैतालीचं नाव यादीत घातलं. अट एकच. मार्चअखेर जर्मन भाषेची तिसरी पायरी पास झाल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. असलं तर गटाबरोबर विमानात. नसलं तर यादीतून नाव कमी, आणि पुढची यादी कधी निघेल ते सांगता येत नाही.

शिकायचं कुठं? येरमाळ्यात जर्मन शिकवणारं कोण असणार? ‘वाणीसेतू’ नावाचा ऑनलाइन कोर्स मिळाला. बेचाळीस धडे. जूनमध्ये सुरुवात केली.

चैताली धडे बघायची ते एसटीत. घाट आला की रेंज जायची, आणि शिकवणाऱ्या मॅडम तोंड उघड्या अवस्थेत थिजून राहायच्या. घाट संपला की मॅडम पुन्हा बोलायला लागायच्या, तोवर मधलं वाक्य घाटात पडलेलं असायचं. घरी आल्यावर चैताली तोच धडा चुलीजवळ बसून पुन्हा लावायची. बनाबाई भाकरी थापता थापता ऐकायची.

“ही बाई सारखी हसतीय कशाला गं?”

“शिकवायची पद्धत आहे आई त्यांची.”

“मग तू का हसंना झालीस?”

बोलण्याच्या सरावाला कोर्समध्ये एक यंत्र होतं. फोनपुढं वाक्य म्हणायचं आणि त्यानं गुण द्यायचे. चैतालीला शंभरात एक्केचाळीसच्या वर ते कधी चढू देत नसे. एकदा ती श्वास घेत होती तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, तर यंत्रानं साठ गुण दिले आणि ‘छान प्रगती’ म्हणालं. बनाबाई दोन दिवस कुकरकडं आदरानं बघत होती.

रविवारी थेट वर्ग असे. तीनशे दहा मुलं-मुली एका पडद्यावर आणि सगळ्यांचे माइक बंद. कुणी नाशिकची, कुणी नांदेडची. ‘मॅडम, आवाज येत नाही’, ‘मॅडम, आवाज येतोय’, ‘मॅडम, गुड इव्हनिंग’ अशा चिठ्ठ्यांचा पडद्यावर पाऊस. चैताली हात वर केल्याची पिवळी खूण लावून पन्नास मिनिटं बसायची. वर्ग संपायचा. खूण आपोआप खाली यायची.

वाचायला तिला येऊ लागलं. ऐकलेलं कळू लागलं. लिहायला तर झकास. बोलायचं तेवढं राहिलं, कारण बोलायला समोर माणूस नव्हता.

आता मामा यात कुठं आले ते सांगतो. प्रत्येक धडा संपला की पडद्यावर एक चौकट यायची, ‘या धड्याबद्दल तुमचं मत नोंदवा’. वर पाच तारे, मध्ये लिहायला जागा, आणि खाली एक प्रश्न, ‘बोलताना अडचण येते का? हो / नाही’. ती भरल्याशिवाय पुढचा धडा उघडत नसे. बारा तास उभं राहून आलेली पोरगी. तिनं पहिल्याच दिवशी फोन बापाकडं दिला.

“आण्णा, तेवढं भरा ना. मी हातपाय धुऊन येते.”

मामांनी चष्मा लावला. चौकट वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. हे काम त्यांच्या ओळखीचं होतं. एकतीस वर्षं त्यांनी वही दुसऱ्यापुढं धरली, आज वही पहिल्यांदा त्यांच्यापुढं आली होती. त्यांनी पाचही तारे भरले आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘धडा पाहिला. मॅडम कष्टाळू आहेत. पाहून समाधान वाटले. शुभेच्छा.’ अडचण येते का? पोरीची उणी बाजू परक्या माणसाला कशाला सांगायची? नाही.

मग तो रिवाजच पडला. चैतालीनं धडा बघायचा आणि आण्णांनी शेरा लिहायचा. मामा हळूहळू रंगात आले. तिसऱ्या धड्याला आवाजच आला नाही, तेव्हा लिहिलं, ‘आवाज आला नाही, तरी मॅडमच्या चेहऱ्यावरील आत्मविश्वास पाहून समाधान वाटले.’ अकराव्याला, ‘धडा समजला नाही, तो आमच्या आकलनाचा दोष. मॅडमचा नाही.’ सव्विसावा धडा चुकून दोनदा तोच लागला, तर ‘उजळणीची सोय स्तुत्य आहे.’ खाली दर वेळी तेच, अडचण नाही. चैतालीनं ते कधी वाचलं नाही. वाचायला तिला वेळ असता तर चौकट तिनंच भरली असती.

डिसेंबरात पुण्याला परीक्षा झाली. वाचन पास, श्रवण पास, लेखन पास. बोलण्यात चव्वेचाळीस. लागतात साठ. तेवढाच भाग फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा देता येणार होता.

चैतालीनं सुट्टी टाकली आणि कोर्सच्या ऑफिसला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. मामा ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. पलीकडची मुलगी गोड होती. देवश्री असं तिनं नाव सांगितलं.

“ताई, मला बोलायला कुणीतरी माणूस द्या,” चैताली म्हणाली. “अर्धा तास द्या. मला यंत्र नको.”

“आहेत ना मॅम, बोलण्याच्या सरावाला वेगळे शिक्षक आहेत. दर आठवड्याला दोन तास, एकट्याला.”

“मग मला का नाही मिळाले?”

“ज्यांच्या मतांमध्ये अडचण दिसते त्यांना ते आपोआप जोडले जातात, मॅम. तीन धड्यांत अडचण आली की लगेच. तुमच्या नोंदी बघते हं.” थोडा वेळ टकटक ऐकू आली. “मॅम, तुमच्या तर बेचाळीस नोंदी आहेत. सगळीकडं पाच तारे! अडचण एकदाही नाही. अय्या, ते तुम्हीच का? ‘मॅडमच्या चेहऱ्यावरील आत्मविश्वास’ वाल्या? आमच्या मॅडमनी ते प्रिंट काढून भिंतीवर लावलंय.”

ओसरीवर घाटे सोलायचा आवाज थांबला.

“आता द्या,” चैताली म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता.

“आता सगळे शिक्षक भरलेत, मॅम. एप्रिलमध्ये जागा होईल.”

फोन बंद झाला. चैताली बाहेर आली आणि बापासमोर उभी राहिली.

“आण्णा, काय लिहिलं तुम्ही?”

“चांगलंच लिवलं की.”

“सगळं चांगलं?”

“मग वाईट कसं लिवावं, बाय? त्या बाईची नोकरी असंल. कुणाच्या पोटावर पाय आणायचा का आपण?”

“अन् माझ्या?” चैताली म्हणाली.

एवढंच बोलली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बनाबाईनं मात्र उणीव भरून काढली. “एकतीस साल घंटा बडवली, आता पोरीच्या कपाळावर बडवा!” असं ती म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी चूक दुरुस्त करायला घेतली. त्यांनी फोन घेतला आणि बेचाळिसावा धडा उघडून लिहायला लागले, ‘महोदय, मागील सर्व शेरे अनवधानाने लिहिले गेले असून ते रद्द समजावेत ही नम्र विनंती.’ पडदा म्हणाला, ‘तुमचं मत आधीच नोंदवलं आहे. धन्यवाद!’ एक्केचाळिसाव्यालाही तेच. चाळिसाव्यालाही धन्यवाद. मामा उलटे चालत पहिल्या धड्यापर्यंत गेले. बेचाळीस वेळा त्यांचे आभार मानले गेले.

मग त्यांनी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, सही केली, आणि तो रजिस्टर करायला पोस्टात गेले.

“पत्ता?” पोस्टमास्तर म्हणाले.

“वाणीसेतू.”

“मामा, गाव कुठलं?”

मामांनी फोन काढून दाखवला. दोघांनी मिळून तो वरून खालपर्यंत चाळला. तारे होते, हसणाऱ्या मॅडम होत्या, पण गाव नव्हतं. पोस्टमास्तरांनी लिफाफा हळूच परत दिला. “घरी न्या,” ते म्हणाले. त्यांच्या दोन्ही पोरींना मामांनी शाळेत पोलिओचा डोस घ्यायला धरून उभं केलं होतं, म्हणून त्यांना हसू आलं नाही.

शेवटी मामांनी ठरवलं, माणूस मिळत नाही तर आपणच माणूस व्हायचं.

परीक्षेत बोलायचं असतं ते दोघांनी मिळून. दोन परीक्षार्थी समोरासमोर बसतात आणि काहीतरी बेत आखतात. सहलीचा, निरोपसमारंभाचा, आजारी मित्राला भेटायचा. चैतालीनं समोरच्याची वाक्यं देवनागरीत वहीवर लिहून दिली. मामा रोज संध्याकाळी, ती ड्युटीवरून आली की, हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून तिच्यासमोर बसायचे. एकसष्टाव्या वर्षी माणसाची जीभ वळत नाही. मामांनी ती वळवली. गल्लीतली माणसं दारावरून जाताना थबकायची. आत बाप-लेक जर्मनमध्ये सहल काढतायत!

चैताली जर्मनमध्ये म्हणायची, “शनिवारी जाऊया का?”

“या, गुट,” मामा म्हणायचे. म्हणजे व्हय, चांगलंय.

“रेल्वेनं जाऊया का?”

“या, गुट.”

“जेवण मी आणते.”

“या, गुट.”

वहीत दुसरी वाक्यंही होती. ‘मला शनिवारी जमणार नाही.’ ‘रेल्वे महाग पडेल, बस बरी.’ ‘मला वाटतं तुझं म्हणणं बरोबर नाही.’ चैतालीनं त्यांच्याखाली लाल रेघ मारली होती. मामा तिथवर यायचे, पोरीच्या तोंडाकडं बघायचे. दिवसभर उभी राहून सुजलेले पाय, डोळ्यांखाली काळं, आणि वर एवढ्या आशेनं विचारतीय, शनिवारी जाऊया का म्हणून. तिला नको कसं म्हणायचं? मामांच्या तोंडून ‘या, गुट’ निघून जायचं.

“आण्णा, कधीतरी नाही म्हणा की.”

“उद्या म्हणतो,” मामा म्हणायचे. हेही एका परीनं व्हयच.

मधल्या पाच-सहा आठवड्यांत चैताली बोलू लागली, हे खरं. वाक्यं सुटी व्हायला लागली, घसा मोकळा झाला. त्या फोननंतर बापाशी तुटलेलं तिचं बोलणंही पुन्हा सुरू झालं, तेवढं मात्र बहुतेक जर्मनमध्ये. बनाबाईच्या जिवाला बरं वाटलं. मामांना तर वाटलं, झालं आपलं काम.

परीक्षेला मामा बरोबर गेले. पुण्यात फाटकाबाहेर झाडाखाली दोन तास उभे राहिले. बसायला बाक होता, पण आत पोरगी परीक्षा देत असताना आपण बसावं हे त्यांना पटेना. चैताली बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याची बाटली न उघडता तशीच होती.

“कसं झालं?”

“बरं झालं.”

एसटी सोलापूर रस्त्याला लागली, मग ती बोलली. खिडकीकडं बघत बोलली.

“समोर एक मुलगा होता, आण्णा. साताऱ्याकडचा. सहकाऱ्याचा निरोपसमारंभ ठरवायचा होता. मी म्हणाले शुक्रवारी करूया. तो म्हणाला, मला शुक्रवारी नाही जमत. का नाही जमत ते विचारायचं असतं. मग आपण दुसरं सुचवायचं, थोडं भांडायचं, तेव्हा गुण मिळतात. मला सगळं येत होतं.”

“मग?”

“मी म्हणाले, या, गुट.”

मामा हातातल्या तिकिटांची घडी घालू लागले.

“तो म्हणाला केक नको, मी म्हणाले या, गुट. तो म्हणाला हॉल महाग आहे, घरीच करू. या, गुट. परीक्षा घेणाऱ्या बाई दोनदा माझ्याकडं बघून हसल्या, की बोल, बोल काहीतरी. आतून येतच नव्हतं, आण्णा. तो नाही म्हणाला की माझ्या तोंडातून आपोआप तेच निघायचं.”

पुढं इंदापूर आलं, टेंभुर्णी आलं. मामांनी तिच्यासाठी पेरू घेतले. ते तिच्या मांडीवर बार्शीपर्यंत तसेच होते.

निकाल मार्चच्या विसाव्या तारखेला दुपारी फोनवर आला. बोलण्यात छप्पन्न. चार गुण कमी. मार्चअखेर आता तिसरी परीक्षा नव्हती. संध्याकाळी पुण्याच्या संस्थेचा निरोप आला, सभ्य भाषेत, की आपलं नाव या गटातून वगळण्यात येत आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मामांनी तो दोनदा वाचला. त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ काहीच नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बनाबाईनं चहा केला. तो कुणी घेतला नाही. चैताली उंबऱ्यात बसून होती. रडत नव्हती. मामांना वाटलं, आता बोलावं. माझं चुकलं, एवढं तरी म्हणावं. ते जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाराशिवच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर होत्या, आणि त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

“चैताली, दोघी सुट्टीवर गेल्यात गं. उद्यापासून आठवडाभर दिवसाआड तुझी डबल ड्युटी लावते. जमेल ना?”

चैतालीचे पाय उंबऱ्याबाहेर लांब केलेले होते, घोट्यापाशी सुजून गोल झालेले. मामांनी मान आडवी हलवली. न्हाय म्हण बाय, असं ते डोळ्यांनी सांगत होते. तोंडानं सांगायला त्यांनी ओठ उघडलेही. एकसष्ट वर्षांत कधी न उच्चारलेला शब्द तो, ऐन वेळेला कुठून यायचा?

“व्हय सिस्टर, चालतंय,” चैताली म्हणाली, आणि फोन ठेवून सकाळचा डबा घासायला उठली.